अडीच वाजता झालेलं सहाचं उद्घाटन

आमच्या सोसायटीच्या अभ्यासिकेचं उद्घाटन एका शनिवारी संध्याकाळी सहा वाजता मोठ्या उत्साहात पार पडलं. त्याची बातमी मी त्याच दिवशी दुपारी अडीच वाजता लिहिली.

वाक्य परत वाचू नका, बरोबर आहे. मी तपासलंय. आणि हल्ली मी एखादी गोष्ट तपासली म्हणजे ती तपासली गेली असं समजायला हरकत नाही, कारण इंग्रजीच्या चाचणीत 'क्रियापदाचे योग्य भूतकाळी रूप भरा' या प्रश्नात मला वीसपैकी वीस मिळाले. अख्ख्या नववी ब मध्ये एकटीला. सातवीत असताना मी भर वर्गात 'आय ईटेड पोहे' म्हणाले होते आणि वर्ग मधल्या सुट्टीपर्यंत हसत होता. त्यानंतर वर्षभर मी इंग्रजीच्या तासाला फक्त हजेरी द्यायला तोंड उघडलं. मग मी क्रियापदांच्या तीन रूपांचा तक्ता बाथरूमच्या दारावर चिकटवला आणि गो-वेंट-गॉन म्हणत दात घासायला लागले. आता माझ्या दातांनासुद्धा अनियमित क्रियापदं पाठ आहेत. आता मी हात वर करते. उत्तर येत नसलं तरी करते.

तर त्या वीस गुणांमुळे आमच्या मॅडमनी माझं नाव एका इंग्रजी पेपरला कळवलं. त्यांच्या विद्यार्थ्यांच्या पानावर दर शनिवारी एका मुलाची किंवा मुलीची बातमी येते, आपल्या आपल्या भागातली, दोनशे शब्दांची. आणि वर ठळक अक्षरांत नाव. तनया चिरमुले, इयत्ता नववी, धायरी. तो पेपर आमच्या वर्गात मोठ्याने वाचला जातो. ईटेड पोहे ऐकून हसलेल्या त्याच वर्गात. मला आयुष्यात दुसरं काही नको होतं. (हे मी त्या आठवड्यापुरतं सांगतेय.)

मी हे आईला सांगितलं, आईने लिफ्टमध्ये कुणाला तरी सांगितलं आणि दहा मिनिटांत दिगंबर काका आमच्या दारात.

दिगंबर काका आमच्या सोसायटीचे सचिव. एका सरकारी खात्यात चौतीस वर्षं प्रसिद्धीपत्रकं काढून ते निवृत्त झाले. म्हणजे काका निवृत्त झाले, प्रसिद्धीपत्रकं नाहीत.

"शनिवारी आपल्या अभ्यासिकेचं उद्घाटन आहे," ते म्हणाले. "हाच विषय घ्यायचा. दुपारी दोनला माझ्याकडे ये, बातमी लिहून टाकू. चार वाजता पेपरात पानं लागतात."

"पण काका, उद्घाटन तर सहाला आहे ना?"

काकांनी माझ्याकडे दया आल्यासारखं पाहिलं.

"कार्यक्रम झाल्यावर बातमी लिहिणारे लोक मी पाहिलेत, तनया. त्यांच्या बातम्या अजून यायच्या आहेत."

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "काकांना अनुभव आहे गं." अनुभव तर होताच. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेचं इतिवृत्तसुद्धा काका सभेच्या आदल्या दिवशी टाइप करून ठेवतात. "म्हणजे सभा भरकटत नाही," असं त्यांचं म्हणणं. मागच्या सभेत पार्किंगवरून दोन काकांची जुंपली, एकाचा चष्मा फुटला, दुसऱ्याची चप्पल अजून सापडलेली नाही. इतिवृत्तात 'सभा खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली' असंच आहे. आणि गंमत म्हणजे आता सगळ्यांना ती सभा तशीच आठवते. चष्मेवाले काका सोडून.

शनिवारी दोन वाजता मी वही घेऊन काकांच्या डायनिंग टेबलपाशी बसले. समोर श्रीधर सर होते. हे तिसऱ्या मजल्यावरचे, निवृत्त इंग्रजी शिक्षक. त्यांनी प्लॅस्टिकचं कव्हर घातलेला शब्दकोश आणला होता आणि तो उघडण्याआधी हात धुऊन आले होते. कडेच्या खुर्चीवर सरूआजी. आमची सोसायटी ज्या वावरात उभी आहे ते वावर त्यांचं. सोसायटीत त्यांना तळमजल्यावर फ्लॅट मिळाला, आणि दोन वर्षांपूर्वी वारलेले त्यांचे मालक हिंदुराव आजोबा यांचा फोटो अभ्यासिकेत लागणार होता. शिवाय आजींचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार होता. त्या फक्त 'कवा तयार व्हायचं' एवढंच विचारायला आल्या होत्या. काकांनी त्यांना चहा दिला आणि त्या अडकल्या.

पहिलं वाक्य: प्रमुख पाहुणे, भावी नगरसेवक रविराजदादा यांनी दीपप्रज्वलन केलं. मी झोकात 'लिट' लिहिलं.

"लायटेड," श्रीधर सर म्हणाले.

"सर, दोन्ही चालतात."

"दोन्ही चालतात म्हणजे? क्रियापद आहे का शेअर रिक्षा?"

"आमच्या तक्त्यात लिट आहे."

"तक्ता कुठे लावलायस?"

मी बाथरूम म्हणाले. सरांनी शब्दकोशाचं कव्हर ज्या पद्धतीने नीट केलं त्यात सगळं आलं.

काका लोकशाहीवादी आहेत. त्यांनी लगेच सोसायटीच्या ग्रुपवर पोल टाकला. लिटला चौदा मतं, लायटेडला नऊ. त्याच वेळी बी विंगमधून कुणीतरी 'टँकर कधी येणार' असा वेगळा पोल टाकला, त्याला एकतीस. खराडीला आयटीत असलेल्या सौमित्रदादाने लिहिलं की असल्या गोष्टींसाठी आता अ‍ॅप असतं, माणसांनी डोकं चालवायचं नसतं. पाचव्या मजल्यावरच्या काकूंनी 'इग्नायटेड' सुचवलं आणि स्वतःच त्याला अंगठा दिला. सरांनी 'बहुमताने व्याकरण ठरत नाही' असा निषेध नोंदवला. लिट राहिलं.

मग फोटो. फोटो भिंतीवर लावण्यात आला. इथे हंग की हँग्ड? हे मला येत होतं, आलंच पाहिजे, वीसपैकी वीस आहेत.

"हंग," मी म्हणाले. "हँग्ड फक्त फाशीला."

"फाशी?" सरूआजी दचकून उठल्या. "कुनाला फाशी? आमचं मालक तर झोपेत गेलं!"

त्यांना बसवायला, पाणी द्यायला आणि समजवायला सात मिनिटं गेली. समजूत पटल्यावर आजींनी वहीकडे बोट केलं.

"पर पोरी, दिवा तर आजून पेटला न्हाई. मालकांचा फोटू आमच्या कपाटावर हाय. आन तू समदं झालं म्हनून लिवतीस?"

"आजी, इंग्रजीत असंच असतं," दिगंबर काका म्हणाले.

आजींनी मान हलवली. इंग्रजीबद्दलचं त्यांचं मत आधीही फार चांगलं नसावं, आता ते पक्कं झालं.

तीन बावन्नला मी बातमी पाठवली. त्यात रविराजदादांनी दिवा लावला होता आणि फीत कापली होती. माझी मैत्रीण स्पृहा हिने स्वागतगीत गायलं होतं. फोटो भिंतीवर लागला होता. रविराजदादांनी वाचनाचं महत्त्व वीस मिनिटं सांगितलं होतं आणि दीडशे रहिवासी भारावून गेले होते. सगळी रूपं बरोबर. एकही ईटेड नाही. मी तरंगत घरी गेले.

चार वाजून दहा मिनिटांनी मी खाली आले. तरंगणं संपलं या अर्थी. आजींचं वाक्य डोक्यात आलं आणि जाईना. समजा दिवा पेटलाच नाही तर? बातमीच्या वर 'दिगंबर काका' असं छापलेलं नसणार, 'तनया चिरमुले' असं असणार. ईटेड ही नुसती चूक होती. ही थाप होती, आणि तीही व्याकरणशुद्ध.

मग एकच उपाय उरला. लिहिलंय तसं सगळं घडवून आणायचं. मी बातमीची प्रिंट काढली, पेन्सिल घेतली, आणि जे जे होईल त्यावर टिक करायची असं ठरवून साडेपाचला अभ्यासिकेत हजर झाले.

अभ्यासिका म्हणजे आमची जुनी पंपाची खोली. पंप काढला, रंग दिला, दोन टेबलं टाकली, चार कपाटं पुस्तकं लोकांनी दिली. (त्यातलं दीड कपाट एकट्या रेल्वेच्या जुन्या वेळापत्रकांचं आहे. देणाऱ्याचं नाव फलकावर आहे म्हणून काढता येत नाहीत.) फोटोसाठी खिळा ठोकायचं काम चालू होतं. पहिला खिळा वाकला, दुसरा वाकला, तिसऱ्याने ताटाएवढं प्लॅस्टर खाली आलं. "ही भिंत आहे का दिगंबररावांचा स्वभाव?" श्रीधर सर म्हणाले. शेवटी हिंदुराव आजोबांचा फोटो पहिल्या रांगेतल्या सोफ्याच्या खुर्चीवर टेकवून ठेवला. तीच एक खुर्ची रिकामी होती, कारण ती प्रमुख पाहुण्यांची होती. मी पेन्सिल उचलली आणि परत ठेवली. हंगही नाही, हँग्डही नाही. 'सॅट' म्हणता आलं असतं फार तर.

सहा वाजता उपस्थिती अकरा. त्यातले दोघे टँकरचं विचारायला आले होते.

"काका, आपण दीडशे लिहिलंय."

"गॅलरीतून बघणारे धर."

"गॅलरीत कुणी नाही."

"कपडे वाळत घातलेत ना? म्हणजे माणसं आहेत."

स्पृहा आली तेव्हा मी तिला मिठीच मारली. निदान एक तरी टिक. तिने तोंड उघडलं आणि आतून प्रेशर कुकरची शिट्टी होण्याआधीचा आवाज आला. चार दिवस सराव करून करून तिचा घसा बसला होता.

"स्पृहा, तू गायलीस असं मी लिहिलंय!"

"मीही... तयारी... त्यासाठीच..." एवढं बोलून ती रडायला लागली, तेही आवाज न करता. मग तिच्या आईच्या फोनवरून स्वागतगीत लावलं. दुसऱ्या कडव्याआधी गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात लागली. पहिल्या रांगेतल्या ज्येष्ठांनी ती गाण्यापेक्षा लक्ष देऊन ऐकली.

रविराजदादा सहा वाजता 'दहा मिनिटांत पोचतो' म्हणाले. साडेसहाला ते सिंहगड रोडवर होते आणि दहा मिनिटांवर होते. पावणेसातला ते अजून दहा मिनिटांवरच होते. सात वाजता त्यांनी कळवलं की पुढे आणखी दोन उद्घाटनं आहेत, तेव्हा आपण दीपप्रज्वलन व्हिडिओ कॉलवर उरकू.

मला सांगा, व्हिडिओ कॉलवरून दिवा कसा लावतात? दिगंबर काकांना विचारा. त्यांनी एका हातात फोन धरला, दुसऱ्या हातात पेटती काडी, आणि फोन समईपाशी असा नेला की जणू दादांचाच हात पुढे येतोय. काडी विझली. पंखा जोरात होता. पंखा बंद केला तर ट्यूबलाइटही गेली, कारण वायरमनने दोघांना मिळून एकच बटण दिलं होतं. पंखा लावला, उजेड आला, काडी विझली. पंखा बंद, अंधार, काडी पेटली, पण अंधारात दादा दिसेनात, ते म्हणायला लागले "हॅलो, दिगंबरराव, कट झालं का?" अशा नऊ काड्या झाल्या. दहाव्या काडीला फोन समईतल्या तेलात बुडाला. त्यातून दादांचा आवाज आला, "वाच... संस्कृ... आपण सग..." आणि ते तोंड उघडं ठेवून जागच्या जागी थांबले.

काकांनी टाळ्या वाजवल्या.

"झालं भाषण," ते म्हणाले. "तनया, टिक कर."

मी कागदाकडे पाहिलं. एकही टिक नव्हती. एका ओळीवर मात्र तेलाचा डाग पडला होता.

"काका, हे खोटं आहे."

"अगं, पेपरात आलं की लोकांना तसंच आठवेल. चार दिवसांनी तुलासुद्धा."

आणि खरं सांगू? मी जी घाबरले ना, ती याच वाक्याला. कारण ते खरं होतं. मला कळेना की मला खोटी बातमी आपल्या नावाने हवी आहे, की आपलं नावच नको आहे. नाव तर मला हवं होतं. फार हवं होतं. मी आईचा फोन घेतला आणि पार्किंगमध्ये जाऊन पेपरच्या पानाचं काम बघणाऱ्या तेजस्विनी मॅडमना फोन लावला. नंबर आमच्या मॅडमनी दिलेला. बोलणार इंग्रजीत, इंग्रजी पेपर आहे.

"हॅलो मॅडम, आय अ‍ॅम तनया चिरमुले. आय सेंडेड रिपोर्ट. बट द लॅम्प डिड नॉट लिट. द गेस्ट डिड नॉट केम. द फोटो डिड नॉट हंग. सॉरी मॅडम. प्लीज डोंट प्रिंट माय नेम."

वीसपैकी वीस. एका दमात चार चुका. सेंडेड! अहो, तिसऱ्या ओळीत आहे ते, कडीच्या बरोब्बर वर!

पलीकडून आवाज आला, "मराठीत सांग गं बाळा. मी सदाशिव पेठेतली आहे."

मग मी मराठीत सगळं सांगितलं. काड्या, कुकर, तेल, प्लॅस्टर. पलीकडून आधी 'हं' येत होतं, मग काहीच येईना, मग कळलं की मॅडम फोन बाजूला धरून हसतायत.

"मी तुझी बातमी अजून उघडलेलीच नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "तुझा नंबर पुढच्या शनिवारी आहे. मंगळवारी चारपर्यंत पाठव. एवढी घाई कुणी सांगितली तुला?"

मी मान वळवून अभ्यासिकेकडे पाहिलं. काका रुमालाने फोन पुसत होते, आणि दादा अजून तोंड उघडंच ठेवून होते.

"पण मॅडम, लिहू काय? काही झालंच नाहीये."

"मग काय काय नाही झालं ते लिही," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मी परत आले तर आत वेगळंच चाललं होतं. सरूआजी उठल्या होत्या. तासाभरापासून ठेवणीतलं नऊवारी नेसून, सत्काराची वाट बघून त्यांची पाठ धरली होती.

"आता किती येळ बसायचं?" त्या म्हणाल्या. "त्यो येनार न्हाई. काडीपेटी आना हिकडं."

"आजी, प्रोटोकॉल..." काका म्हणाले.

"त्यालाबी येऊ द्या, मी कुटं नगं म्हनले?"

त्या समईसमोर बसल्या, पंख्याकडे पाठ केली, पदर पसरून आडोसा केला आणि एका काडीत पाचही वाती लावल्या. पंखा चालू, ट्यूब चालू. मग दाराच्या फितीकडे गेल्या. कात्री कुणीच आणली नव्हती, कारण कात्री आणण्याचं काम 'झालं' असं काकांच्या यादीत आधीच लिहिलेलं होतं. आजींनी बाहेरच्या कुंड्यांमधलं खुरपं मागवलं आणि भाजी खुडावी तशी फीत कापली. आईचा फोन माझ्या हातातच होता, मी फोटो काढला. कुणीतरी म्हणालं, आजी, दोन शब्द बोला. आजींनी आजोबांच्या फोटोकडे पाहिलं, मग आमच्याकडे.

"हितं आमची हीर हुती," त्या म्हणाल्या. "मालकांनी पान्याला कुनाला न्हाई म्हनलं न्हाई. तुमी पुस्तकाला म्हनू नगा."

आणि बसल्या. एवढंच. टाळ्यासुद्धा उशिरा सुरू झाल्या, कारण सगळ्यांना वाटलं अजून काहीतरी असेल. काकांनी खिशातून 'अभ्यासिकेचे सत्तावीस नियम' असा एक कागद काढला होता, तो त्यांनी हळूच परत खिशात ठेवला. मी पाहिलं.

रविवारी मी नवीन बातमी लिहिली. जे झालं ते, आणि जे नाही झालं तेही. श्रीधर सरांनी हात धुऊन ती तपासली. एक 'केम' खोडून 'कम' केलं, लिटपाशी थांबले, सुस्कारा सोडला आणि पुढे गेले. शेवटी म्हणाले, "कालची जास्त सफाईदार होती." मग दारातून परत वळले. "ही पाठव."

पण ही गोष्ट पुण्यातली आहे, त्यामुळे 'पाठव' म्हणून पाठवता येत नाही. संध्याकाळी काका आले. बातमीची कुणकुण त्यांना लागली होती.

"सोसायटीचं नाव येणार असेल तर कार्यकारिणीची मंजुरी लागेल. अर्ज दे. तीन प्रतींत. सभा बुधवारी आहे."

"पण मला मंगळवारी पाठवायचीय."

"मग सोमवारी यायला हवं होतंस."

"काका, आज रविवार आहे."

"तेच म्हणतोय. सोमवार अजून यायचाय, आणि तुझी घाई बघ."

मी आईकडे पाहिलं. आई भांडेल असं मला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. "अर्ज दे," ती म्हणाली. "आपण नियमाने वागावं."

मी तीन प्रतींत अर्ज दिला. आणि सोमवारी संध्याकाळी काकांनी उत्तर हातात ठेवलं. ते बुधवारच्या सभेचं इतिवृत्त होतं. 'कु. तनया चिरमुले हिचा अर्ज सविस्तर चर्चेअंती एकमताने नामंजूर करण्यात आला. सभा खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली.' खाली पाच जणांच्या सह्यांसाठी जागा सोडलेली. चहा-बिस्किटांचा खर्चही मांडलेला.

"अगं, मी तुझ्या वाईटावर नाही," काका म्हणाले, आणि पहिल्यांदाच जरा खालच्या आवाजात. "चौतीस वर्षं मी लोकांना सांगत आलो की सगळं उत्तम पार पडलं. तू लिहिणार की दिवा नऊ वेळा विझला. लोक हसतील आपल्याला."

हसण्याचं मला सांगतायत. मला, जिच्यावर मधल्या सुट्टीपर्यंत हसणं झालंय! मला एकदम वाटलं त्यांना सांगावं की काका, तेवढं काही होत नाही, माणूस जगतो, तक्ता लावायचा आणि दात घासायचे. पण ते बोलायचं धाडस झालं नाही. मी नुसतं "हो काका" म्हणाले. तो कागद घेऊन मी आत आले आणि परत परत वाचला. करण्यात आला. पार पडली. रूपं सगळी बरोबर होती.

फक्त बुधवार अजून झालेला नव्हता.

मंगळवारी तीन पंचावन्नला मी बातमी पाठवून दिली.

त्यानंतर काका माझ्याशी बोलायचे थांबले. म्हणजे लिफ्टमध्ये भेटले की आईला सांगायचे, "कन्येला म्हणावं, लिफ्टचं दार नीट लाव." मी शेजारीच उभी असायचे. आई म्हणायची, "कन्ये, दार नीट लाव." मी लावायचे. बुधवारची सभा झालीच नाही, कारण टँकर आला आणि सगळे बादल्या घेऊन खाली गेले. पण इतिवृत्त फाइलला लागलं असं कळलं.

शनिवारी पेपर आला. बातमी चौथ्या पानावर, खालच्या कोपऱ्यात, आजी खुरपं धरून उभ्या आहेत त्या फोटोसकट. वर माझं नाव. शाळेत मॅडमनी ती वाचली. दहाव्या काडीला वर्ग हसायला लागला तो थांबेना, तेलात पडलेल्या दादांपाशी मॅडमनाही पेपर खाली ठेवावा लागला. यावेळी मीही हसत होते. मग विहिरीचं वाक्य आलं आणि वर्ग गप्प झाला. मला ते गप्प होणं जास्त आवडलं. (हसणंही आवडलं. खोटं कशाला सांगू, आता सवय मोडलीय.)

घरी येताना मी मुद्दाम लांबच्या रस्त्याने आले. शाळेचं ठीक आहे, पण सोसायटीत पाय ठेवायचा होता. सरूआजी फाटकापाशी भाजी निवडत बसल्या होत्या. "छापून आलं म्हनं," त्या म्हणाल्या. "मालकांचं नाव हाय का त्यात?" मी आहे म्हणाले. "मंग इंग्रजी बरी हाय," असं म्हणून त्यांनी मेथीची पुढची जुडी घेतली.

जिन्याजवळच्या सूचनाफलकापाशी चार-पाच जण जमले होते. मला बघून बाजूला झाले. फलकाच्या बरोबर मध्यभागी, टँकरच्या वेळापत्रकाच्याही वर, माझी बातमी लावलेली होती. कात्रण अगदी सरळ रेषेत कापलेलं, पिवळं पडू नये म्हणून लॅमिनेट केलेलं. काकांनी आजवर स्वतःच्या नेमणुकीचं पत्र सोडून काहीही लॅमिनेट केल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही. खाली सोसायटीच्या लेटरहेडवर टाइप केलेल्या दोन ओळी, सही, शिक्का आणि आजची तारीख:

'वरील बातमीतील मजकूर खरा आहे. त्याबद्दल कार्यकारिणी दिलगीर आहे. — सचिव'